आधी वाट, मग वाहन

(द्वितीय वर्ष कला, विषय : भूगोल)

‘तुला कुणी विमान घेऊन देतो म्हणाले, तर कोणते घेशील?’

वसतिगृहात दिवे मालवल्यावर ज्या गप्पा निघतात, त्यांतला हा एक प्रश्न. एकाने सुखोई मागितले. दुसऱ्याला उद्योगपतींकडे असते तसे पांढरेशुभ्र जेट हवे होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ‘मला दोन माणसांचे, कापड ताणून बसवलेल्या पंखांचे, ताशी पावणेदोनशे किलोमीटरने जाणारे आणि माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे असलेले विमान हवे.’ खोलीत जे हसणे झाले ते वरच्या मजल्यावर ऐकू गेले असावे.

वाचकहो, आपणही हसाल. ज्याच्या घरात आजवर कुणी विमानात बसले नाही, ज्याने स्वतः विमानतळ आतून पाहिलेला नाही, त्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या निवडीवर मत द्यावे, हे हसण्यासारखेच आहे. पण विमाने मला अगदीच परकी नाहीत. आमचा निफाड तालुका. तालुक्यातल्या ओझरला लढाऊ विमानांचा सरकारी कारखाना आहे. १९६४ साली तो मिग विमानांसाठी उभा राहिला. पुढे तिथे सुखोई बांधली गेली. आमच्या द्राक्षबागेवरून विमान गेले की आवाज मागाहून येतो आणि गोठ्यातली जनावरे कान टवकारतात. जगातल्या अतिवेगवान विमानांखाली मी लहानाचा मोठा झालो. तरीही, किंवा त्यामुळेच म्हणा, मला ते हळू चालणारे विमान अधिक शहाणपणाचे वाटते. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

यंदा भूगोलाच्या चर्चासत्रासाठी मी ‘शीत प्रदेशातील वाहतूक’ हा विषय घेतला आणि त्या निमित्ताने अलास्काची माहिती वाचत गेलो. रशियाकडून १८६७ साली बहात्तर लाख डॉलरांना विकत घेतलेला हा मुलूख १९५९ साली अमेरिकेचे राज्य झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाचपट. आणि लोकसंख्या? २०२० च्या जनगणनेत ७ लाख ३३ हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहरात मावतील इतकी माणसे पाच महाराष्ट्रांएवढ्या प्रदेशात विखुरलेली. बहुतेक गावांना बाहेरून येणारा रस्ताच नाही. राज्याची राजधानी जूनो; तिथेही राज्याच्या इतर भागांतून मोटारीने जाता येत नाही, बोटीने जावे लागते किंवा विमानाने. अशा ठिकाणी छोटे विमान म्हणजे आपल्याकडची जीप, मोटारसायकल, दवाखान्याची गाडी आणि एस. टी. सगळे एकदम. तिथला माणूस विमान घेतो ते हौसेखातर कमी आणि किराणा, औषध, सरपण व शाळेतली पोरे यांच्यासाठी अधिक.

मग त्याने ते कोणते घ्यावे?

माझे मत थोडक्यात असे : विमान पाहायला जाण्यापूर्वी उतरायची जागा पाहावी; मग ओझे मोजावे; मग थंडीत त्याची निगा कोण राखणार ते ठरवावे; आणि वेगाचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. आपण बहुतेक जण नेमके उलट करतो. दिसणे आणि धावणे यांना भुलून वस्तू आणतो आणि मग ती ठेवायला जागा शोधतो.

या म्हणण्याला अलास्काचा इतिहास साक्ष आहे. फेब्रुवारी १९२४ मध्ये कार्ल बेन आयल्सन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅकग्राथपर्यंत विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेवर दिवसांमागून दिवस लागत, ती त्याने सुमारे तीन तासांत संपवली. केवढा हा विजय! पण पुढच्याच जानेवारीत नोम गावी घटसर्पाची साथ आली आणि प्रतिविष तातडीने पोहोचवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा विमान असूनही पाठवले गेले नाही. फेअरबँक्सला असलेली विमाने उघड्या बैठकीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांची होती आणि हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली होती. ती जोडून, उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत उडवण्याचा धोका गव्हर्नरांनी पत्करला नाही. त्यांनी कुत्री निवडली. नेनानापासून नोमपर्यंतचे सुमारे १०८५ किलोमीटर अंतर वीस गाडीवानांनी एकाकडून दुसऱ्याकडे प्रतिविष सोपवत साडेपाच दिवसांत तोडले. २ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रतिविष नोमला पोहोचले.

ही गोष्ट सर्वत्र कुत्र्यांच्या शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती निवडीची गोष्ट वाटते. त्या गव्हर्नरांपुढे एका बाजूला वेगवान आणि नवे वाहन होते, दुसऱ्या बाजूला जुने आणि सावकाश. त्यांनी कोणते वाहन वेगवान आहे हे विचारले नाही. या वाटेवर, या हवेत, कोणते नक्की पोहोचेल हे विचारले.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. वायली पोस्ट हा १९३३ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक. त्याच्या कौशल्याविषयी कुणाला शंका असण्याचे कारण नाही. १९३५ साली तो विनोदी लेखक व नट विल रॉजर्स याला घेऊन अलास्कात गेला. विमान त्याने स्वतः जुळवून घेतले होते. धड एका जातीच्या विमानाचे, पंख दुसऱ्या जातीच्या. पाण्यावर उतरण्यासाठी हवे असलेले फ्लोट वेळेवर मिळाले नाहीत म्हणून मोठ्या विमानाचे बसवले. विमान तोंडाकडे जड झाले. १५ ऑगस्ट १९३५ रोजी पॉइंट बॅरोजवळच्या एका खाजणातून उडताना इंजिन बंद पडले, नाक खाली गेले आणि दोघेही ठार झाले. एकेक भाग उत्तम असला म्हणून सगळे मिळून उत्तम होत नाही, आणि वाहन चुकले तर चालवणाऱ्याची कीर्ती त्याला तारत नाही, हे इथे दिसते.

आता पहिला प्रश्न : जागा. दुर्गम भागात डांबरी धावपट्टी नसते. नदीतला वाळूचा पट्टा, डोंगराची गवताळ धार, गोठलेले तळे, यांवर उतरावे लागते. तिथे विमान जितक्या कमी वेगाने हवेत टिकून राहील तितके चांगले. कारण जमिनीला लागताना वेग जितका कमी, तितकी थांबायला जागा कमी लागते. पायपर कंपनीचे सुपर कब हे विमान १९४९ साली बाजारात आले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे-मागे दोन जागा, १५० अश्वशक्तीचे इंजिन. ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगापर्यंत ते पंखांवर तरून राहते. सरावलेल्या हाती ते शे-दीडशे मीटरांत चढते आणि उतरते. पंख वर असल्यामुळे झुडपांना घासत नाहीत. तिसरे चाक नाकाखाली न ठेवता शेपटीखाली ठेवल्यामुळे पुढचा पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि खड्ड्यात दगडांवर आपटत नाही. खडबडीत जागेसाठी त्याला मोठी, मऊ, कमी हवेची चाके लावतात. हिवाळ्यात चाकांऐवजी स्की. उन्हाळ्यात पाण्यासाठी फ्लोट. एकच विमान, तीन ऋतूंत तीन पायांचे.

थंडी तिथे केवळ शत्रू नाही, हेही ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात दलदल असते तिथे हिवाळ्यात कठीण पट्टी होते. प्रत्येक नदी आणि तळे हे विमानतळ बनते. थंड हवा दाट असते, म्हणून इंजिनाला जोर येतो आणि पंखांना आधार अधिक मिळतो. पण हीच थंडी फसवतेही. तळ्यावरच्या बर्फाच्या थरावर कधी कधी पाणी चढलेले असते आणि वरून भुसभुशीत हिमाने झाकलेले असते. त्यात स्की रुतल्या की रात्रीतून जागच्या जागी गोठतात. म्हणून तिथले लोक मुक्कामाला उतरताना स्कीखाली फांद्या किंवा फळ्या घालतात. हलके विमान असेल तर दोन माणसे ते हलवून सोडवू शकतात. जड विमानाला तिथे कोण हात लावणार?

आपल्याकडेही जमिनीने विमानाला नमवल्याचे उदाहरण आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणले, ते डी हॅविलंड कंपनीच्या पुस मॉथ या छोट्या विमानातून. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टपालसेवेला आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. टाटांसारख्यांनाही वाट पाहूनच वाहन चालवावे लागले.

दुसरा प्रश्न : ओझे. इथे मला अंकगणित करावेसे वाटते, कारण कोरड्या आकड्यांत जीवनमरण असते. सुपर कबचे एकूण कमाल वजन सुमारे ७९४ किलो. कारखान्यातून निघताना रिकामे वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास. पण मोठी चाके, स्की, जादा साहित्य लावल्यावर ते पाचशेपर्यंत जाते असे धरू. उरले सुमारे ३०० किलो. टाक्या भरल्या तर १३६ लिटर पेट्रोल, म्हणजे जवळजवळ शंभर किलो. जाड कपड्यांतला वैमानिक नव्वद किलो. राहिले ११०. आता अलास्का राज्याचा जुना कायदा सांगत असे, की विमानात प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल असे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, मासेमारीचे गळ व दोरा आणि आग पेटवण्याचे साधन पाहिजे. १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात याशिवाय बर्फावर चालायचे जोडे, झोपायची पिशवी आणि चारांहून अधिक माणसे असल्यास जादा माणशी एकेक लोकरी घोंगडी. इंजिनावर घालायचे पांघरूण, पंखांची आवरणे, गरम करायची शेगडी हे वेगळेच. तीसेक किलो गेले. उरला एक सडसडीत माणूस आणि त्याची पिशवी.

म्हणजे एकट्यादुकट्या माणसाला सुपर कब ठीक; पण बायको, दोन मुले आणि तांदळाचे पोते असेल तर ते घेणे हा वेडेपणा होईल. अशा कुटुंबाने सेस्ना १८० पाहावे. हे १९५३ ते १९८१ पर्यंत बनत होते. चार जागा, २३० अश्वशक्ती, सर्व धातूचे, शेपटीला चाक. त्याचा थोरला भाऊ सेस्ना १८५ हा १९६१ ते १९८५ पर्यंत बनला. त्याचे इंजिन ३०० अश्वशक्तीपर्यंत गेले आणि तो सुमारे ७०० किलो भार घेतो. पण पेट्रोलही त्याच मानाने पितो, आणि जिथे कब उतरेल तिथे तो उतरेलच असे नाही. फुकट काहीच मिळत नाही. आपण काय सोडायला तयार आहोत, तेवढेच ठरवायचे असते.

तिसरा प्रश्न निगेचा. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि माहितीपत्रकांत तोच सर्वांत कमी असतो. अलास्कात २३ जानेवारी १९७१ रोजी प्रॉस्पेक्ट क्रीक येथे उणे ६२ अंश तापमान नोंदले गेले. इतके रोज नसते. पण उणे तीस-चाळीस ही फेअरबँक्सकडे हिवाळ्यातली ओळखीची गोष्ट. अशा थंडीत इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते. बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब असेल तर तो नळीत गोठून इंजिनाचा गळा आवळतो. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचे तोंड बर्फाने बुजले तर आतला दाब तेलाचे सील फोडून तेल बाहेर फेकतो. म्हणून उणे सात ते बारा अंशांच्या खाली इंजिन आधी बाहेरून गरम केल्याशिवाय सुरू करू नये, असे इंजिन बनवणारेच सांगतात. जुने वैमानिक रात्री उतरल्याबरोबर इंजिनातले गरम तेल डब्यात काढून घेत, झोपडीत चुलीजवळ ठेवत आणि सकाळी पुन्हा ओतत. इंजिनावर जाड कापडाचा तंबू घालून त्याखाली शेगडी पेटवत आणि आग लागू नये म्हणून जवळ बसून राहत.

हे वाचताना मला आमचे अण्णा आठवले. निफाडचा गारठा अलास्कापुढे काहीच नाही. परंतु पारा चार-पाच अंशांवर आला की बागायतदाराची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. लहानपणी मी पाहिले आहे, आमचे जुने डिझेल इंजिन अशा पहाटे हँडल मारून दमवायचे. मग अण्णा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचे आणि ते खोकत खोकत सुरू व्हायचे. अण्णांना ते इंजिन उघडता येत होते, म्हणून ते आमचे होते. जे वाहन आपल्याला उघडता येत नाही, ते आपल्या दारात उभे असले तरी दुसऱ्या कुणाचे तरी असते.

दुर्गम जागी हे फार खरे आहे. जवळचा कारागीर तीनशे किलोमीटरांवर. हातमोजे काढले तर बोटे जातात, आणि न काढता काम करायचे तर आटे, नट, झडपा हाताशी आणि मोठ्या असल्या पाहिजेत. कापड फाटले तर ठिगळ लावून घरी येता येते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात गोठायला पाणीच नसते. पंखावर जमलेले गोठलेले दव तर हाताने पुसायचे असते. ते पॉलिश पेपरइतके खरखरीत असले तरी पंखाची उचल तीस टक्क्यांपर्यंत घटवू शकते आणि अडथळा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. विमान लहान असले तर माणूस जमिनीवर उभा राहून पंख झाडून काढतो. ज्याच्या पंखापर्यंत हात पोहोचत नाही, त्याच्यासाठी शिडीही बरोबर नेली पाहिजे. एक धोका तर उबेचाच असतो. लहान विमानात आत येणारी गरम हवा धुरांड्याच्या नळीभोवतून घेतलेली असते. त्या नळीला चीर गेली तर विषारी वायू उबेबरोबर आत येतो आणि वैमानिकाला गोड झोप लागते.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र बांधून तयार झालेले विमान म्हणजे डी हॅविलंडच्याच कॅनडातल्या शाखेचे बीव्हर. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने रानावनात विमान चालवणाऱ्यांना विचारले, की बाबांनो, तुम्हाला काय हवे? त्यांनी वेग मागितला नाही. दोन्ही बाजूंना पिंप आत ढकलता येईल एवढी दारे मागितली, थोडक्या जागेत चढण्याची ताकद मागितली. तेलाचे तोंडही आत, वैमानिकाच्या हाताशी दिले गेले. विमान मंद होईल अशी चिंता निघाली, तेव्हा कुत्र्यांच्या गाडीहून वेगवान असले की पुरे, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. १६ ऑगस्ट १९४७ रोजी बीव्हरचे पहिले उड्डाण झाले. १९६७ पर्यंत सोळाशेहून अधिक बीव्हर बनली आणि त्यांतली कित्येक आजही उडत आहेत. पण ४५० अश्वशक्तीचे त्याचे इंजिन कुटुंबाला परवडणारे नाही; ते विमान धंद्याचे. आम्हाला घ्यायची ती त्यामागची रीत : बनवणाऱ्याने वापरणाऱ्याला आधी विचारावे, आणि वापरणाऱ्याने आपल्या वाटेला.

माझ्या या मतावर चर्चासत्रात दोन आक्षेप आले. पहिला भूगोलाच्या सरांचा. ते म्हणाले, ‘डिसेंबरात फेअरबँक्सला उजेड चार तासांहूनही कमी. मग वेगवान विमान अधिक सुरक्षित नव्हे काय?’ आक्षेप वजनदार आहे. समोरून ताशी पन्नास किलोमीटरचा वारा आला तर सुपर कबला घर दूर वाटू लागते, हे मला मान्य आहे. पण वेगवान विमानाला लांब पट्टी लागते, आणि अंधार गाठू लागला तर वाटेतल्या तळ्यावर उतरून रात्र काढण्याची सोय त्याला नसते. सावकाश विमानाला वाटेत शंभर विमानतळ असतात. सर हसले आणि म्हणाले, ‘अर्धे पटले.’ मलाही अर्धेच पुरे.

दुसरा आक्षेप एका मैत्रिणीचा : ‘एकाच इंजिनावर भरवसा कशाला? दोन इंजिनांचे घ्यावे.’ दोन इंजिने म्हणजे दुप्पट बळ, तसेच दुप्पट तेल गरम करणे, दुप्पट निगा, जास्त वजन आणि लांब पट्टी. शिवाय हवेपुढे दोनही कमी पडू शकतात. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकी संसदेतले हेल बॉग्ज आणि निक बेगिच यांना घेऊन दोन इंजिनांचे सेस्ना ३१० अँकरेजहून जूनोला निघाले. एकोणचाळीस दिवस शोध झाला. ते आजतागायत सापडलेले नाही. त्याचे काय झाले हे कुणीच सांगू शकत नाही; इतकेच म्हणता येते, की दोन इंजिने म्हणजे परतीची हमी नव्हे. हमीच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे : हवा वाईट असेल तर न निघणे. आणि ते तर कोणतेही विमान शिकवत नाही.

एवढे विमानपुराण मी का सांगितले, ते आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या दादाने कर्ज काढून एक चारचाकी घेतली. माल नेता येईल, आईला दवाखान्यात नेता येईल, चार लोकांत मानही राहील, असा विचार होता. गाडीचे माहितीपत्रक इंग्रजीत होते. घरात शिकणारा मी एकटा. म्हणून ते वाचून दादाला मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी अकरावीत होतो. मी त्याला कमाल वेग सांगितला, आतल्या पडद्याची लांबीरुंदी सांगितली, रंग सांगितले. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे हेही त्यात एका ओळीत छापले होते. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो.

आमच्या मळ्याची वाट काळ्या मातीची. ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी दोन्हीकडे खोल आणि मध्ये उंचवटा. पहिल्याच दिवशी गाडीचे पोट त्या उंचवट्यावर टेकले. अण्णा काही रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘गाडी बघितलीस, वाट नाही बघितलीस.’ ते दादाला म्हणाले होते, लागले मला. ती गाडी आता डांबरी रस्त्याच्या कडेला चुलत्यांच्या पडवीत असते. द्राक्षाचे क्रेट अजून चुलत्यांच्याच जुन्या ट्रॅक्टरमधून निघतात, आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. गेल्या वर्षी आईला रात्री ताप चढला तेव्हा मळ्यापासून गाडीपर्यंत आम्ही तिला बैलगाडीतून आणले.

म्हणून अलास्कातला तो गव्हर्नर, ते कापडाचे विमान आणि वैमानिकांना आधी विचारणारी ती कंपनी मला मनापासून आवडली. भूगोल म्हणजे नकाशे आणि राजधान्यांची घोकंपट्टी, असे मी येथे येईपर्यंत समजत होतो. जमीन काय मागते ते आधी ऐकावे, हा भूगोल आहे असे आता वाटते. ‘बी. ए. करून काय मिळणार?’ असे गावात मला अनेकजण विचारतात. मला अजून मोठेसे काही मिळालेले नाही. पण माहितीपत्रकातली कोणती ओळ थांबून वाचायची, एवढे तरी मिळाले.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण आपापल्या घरातले पहिले शिकणारे आहेत. उद्या घरी पंप घ्यायचा असेल, गाडी घ्यायची असेल, धाकट्या बहिणीसाठी कॉलेज निवडायचे असेल, तर कागद आपल्याच हातात येणार आणि घरचे आपल्या तोंडाकडे पाहणार. त्या वेळी चकचकीत आकडे वाचून दाखवण्याचा मोह होतो. आपण शिकलो हे दाखवण्याची ती संधी असते. तो मोह मी अनुभवला आहे. त्याचा हप्ता दादा भरतो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी विकायची की ठेवायची यावर घरात बोलणे निघाले, आणि दादाने पुन्हा मलाच विचारले, ‘तुझे काय मत?’ त्याने पुन्हा मला विचारावे, याचे मला नवल वाटले आणि संकोचही. मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घेऊन मळ्याची वाट पायी चाललो. चाकोरी किती खोल आहे, उंचवटा किती वर येतो, ओढ्यापाशी वळण किती अरुंद आहे, ते सगळे मोजून वहीत लिहिले. अण्णा बांधावर उभे राहून पाहत होते. थोड्या वेळाने तेही आले आणि दोरीचे दुसरे टोक त्यांनी धरले.